रिकाम्या बाजूची थरथर

मित्रांनो, मुठीत मावेल एवढी पितळी पेटी, पुढे मसुरीच्या दाण्याएवढे दोन डोळे आणि मागे तीन तारा, एवढाच माझा पसारा आहे. मी एक जुना प्रकाशमापक आहे. उमेदीची अकरा वर्षे मी जिथे काहीच नाही अशा जागेकडे बघण्यात घालवली. हे ऐकून तुम्हाला हसू येईल. क्रिसांतोकाकांनाही आले होते, आणि मला तर त्यांनीच घडवले.

माझे पितळ मूळचे कॉफीच्या बिया धुण्याच्या एका जुन्या पंपाचे. तो पंप बाद झाला, तेव्हा काकांनी त्याचे तुकडे आपल्या कारखान्यात आणून ठेवले. आमच्या मेरिदा शहरातल्या विद्यापीठात तळमजल्यावर त्यांचा लेथ होता आणि त्याच्या शेजारच्या खोलीत नोएलियाबाईंची प्रयोगशाळा होती. बाई भौतिकशास्त्र शिकवत. उंच, सडसडीत, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली. माझा कच्चा आराखडा घेऊन त्या आल्या, तो दिवस मला आठवत नाही, कारण मी तेव्हा पंपच होतो. पण काका ती गोष्ट इतक्यांदा सांगत, की मला पाठ झाली आहे.

“बाई, ह्या पेटीत ठेवणार काय?”

“काही नाही.”

“मग मोजणार काय?”

“तेच.”

काका थोडा वेळ कानस चालवत राहिले. मग म्हणाले, “घरी गेलो की बायको विचारते, आज दिवसभर काय केलंत. तिला हे सांगितलं तर जेवायला वाढायची नाही.”

तरीही त्यांनी मला जीव लावून बनवले. माझ्या कडा त्यांनी तीनदा घासल्या. डोळे परदेशातून टपालाने आले, कापसात गुंडाळलेले एक डझन. अगदी सारखे दिसणारे दोन शोधायला बाईंना तीन आठवडे लागले. एका डोळ्यावर जेवढा उजेड पडेल तेवढाच दुसऱ्यावर पडला, तर दोघांनी नेमके एकच उत्तर द्यायला हवे होते. उरलेले दहा डोळे डबीत परत गेले. त्यांचे पुढे काय झाले, ते मला माहीत नाही.

ह्या सगळ्या खटाटोपामागे आणखी एक माणूस होता, नेरिओ. तो कागदावर गणिते मांडणारा. मूळचा मराकाइबोचा, म्हणजे खाली सरोवराकाठच्या उकाड्यातला. आमच्या डोंगरातली थंडी त्याला सोसत नसे. तो बारा महिने दोन स्वेटर घालून फिरे आणि भेटेल त्याला बेधडक ‘तू’ म्हणे. आमच्याकडे नवराबायकोही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात, कुत्र्याला हाकलतानाही ‘तुम्ही बाहेर व्हा’ म्हणतात. त्यामुळे नेरिओ बोलू लागला, की काका डोळे मिटून घेत.

एका दुपारी काकांनी त्याला धरलेच. “माझ्या हातून काय करून घेतलंत, ते तरी समजावून सांगा.”

“काका, वारा पडला की सरोवर सपाट होतं का रे?”

“ह्यांना आईने ‘तुम्ही’ शिकवलं नाही वाटतं,” काका बाईंना म्हणाले. मग नेरिओकडे वळून, “होत असेल सपाट.”

“नाही होत. माझा मामा तिथे मासे धरायचा. वारा नाही, बोट नाही, तरी पाणी जरासं हलतंच. हे तसंच आहे. एखाद्या जागेतून हवा काढ, उजेड काढ, ऊब काढ. सगळं काढलं तरी जे उरतं ते हलतं. त्याला गप्प बसवता येत नाही.”

“मग ते हलणं मोजायचं?”

“लहान हलणं पुष्कळांनी मोजलंय. मला मोठी उसळी हवी आहे. कधीतरी, फार क्वचित, मोठी लाट येते. नेहमीच्या नियमाने बघितलं, तर ती इतकी दुर्मीळ, की जग संपेपर्यंत वाट बघत बस. माझं गणित म्हणतं, तितकी दुर्मीळ नाही. ती येते. पण बघणाऱ्याने डोळा कसा उघडला आणि किती वेळ उघडा ठेवला, त्यावर ती दिसणार की नाही ते ठरतं. सावकाश बघत बसलं, तर सगळं सरासरीत बुडून जातं. झटकन बघावं लागतं.”

“आणि झटकन बघणारा हा,” काकांनी माझ्या पाठीवर बोट आपटले. मला तेव्हा फार अभिमान वाटला.

माझे काम असे होते. लाल उजेडाचा एक बारीक किरण एका तिरप्या काचेवर पडे आणि त्याचे दोन समान भाग होत. एक भाग माझ्या उजव्या डोळ्यात, दुसरा डाव्या डोळ्यात. काचेची दुसरी बाजू मात्र काळ्या मखमलीने झाकलेली असे. तिथून काहीच आत येत नसे. मी दोन्ही डोळ्यांची वजाबाकी करी. उत्तर शून्य यायला हवे. पण ते कधीच शून्य नसे. त्या रिकाम्या बाजूची थरथर काचेतून आत शिरे आणि दोन भागांत किंचित फरक पाडी. तो फरक मी मागच्या तारेने यंत्राकडे पाठवी, आणि प्रत्येक थरथर किती जोराची आहे, हे यंत्र टिपून ठेवी. एका सेकंदात लाखो वेळा.

भिंतीवर एक मोठा कागद लावलेला होता. त्यावर आडवा थरथरीचा जोर, उभे ती किती वेळा येते ते, आणि दोन रेषा होत्या. तांबडी रेषा नेहमीच्या नियमाची. निळी रेषा नेरिओची. लहान थरथरींपाशी दोन्ही एकमेकींवर बसत. पुढे उजवीकडे फाटा फुटे. तांबडी रेषा दरीत उडी घेतल्यासारखी खाली जाई आणि निळी मात्र हलकेच, लांबवर उतरत राही. दर शुक्रवारी बाई केसांतली पेन्सिल काढून माझ्या मोजणीचे ठिपके त्या कागदावर मांडत. फाट्यापर्यंत पोहोचायलाच आम्हाला चार वर्षे लागली. फाट्यानंतरचा पहिला ठिपका निळ्या रेषेवर बसला, त्या शुक्रवारी नेरिओने काकांना उचलून घेतले. काका म्हणाले, “मला खाली ठेवा, माझं जेवण व्हायचंय.” दुसरा ठिपका आठ महिन्यांनी पडला. तिसऱ्याची सगळे वाट बघत होते. दोन ठिपक्यांनी काही सिद्ध होत नाही, असे बाईच म्हणत.

त्या काळात माझे कौतुकही खूप झाले. राजधानीतून माणसे येत, वाकून माझ्याकडे बघत. बाई त्यांना दुरूनच बघायला सांगत. सकाळी आल्या की आधी माझ्या डोळ्यांवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडत आणि मग स्वतःची कॉफी ओतून घेत. नेरिओ बरोबर चार वाजता येई, बाईंच्याच कपातली अर्धी कॉफी पिई आणि कागदासमोर उभा राही. दोघे कधी एकमेकांशी गोड बोलल्याचे मी ऐकले नाही. पण तो यायच्या आधी बाई केस सारखे करत, आणि मला दोन डोळे आहेत.

मग दिवस पालटले. दुकाने रिकामी झाली. आमच्या मजल्यावरची माणसे एकेक करून देश सोडून निघाली. कोणी पेरूला गेले, कोणी स्पेनला. नेरिओने दोन वर्षे काढली. त्याचे दोन्ही स्वेटर त्याला ढगळ होऊ लागले. शेवटी चिले देशातल्या कोन्सेप्सिओन नावाच्या गावातून त्याला नोकरीचे बोलावणे आले.

निघायच्या दिवशी तो सकाळीच प्रयोगशाळेत आला. पाठीवर एकच पिशवी होती.

“तिथे पण थंडी आहे म्हणतात,” तो म्हणाला.

“तुमचं नशीब,” बाई म्हणाल्या.

“नोएलिया, तूही चल.”

“आणि ह्याला कोण बघणार?” बाईंनी माझ्याकडे हात केला. मला त्या क्षणी लाज वाटली, मित्रांनो. मी कुणाच्या वाटेत येईन असे मला कधी वाटले नव्हते.

नेरिओ कागदापाशी गेला. निळ्या रेषेच्या शेवटच्या रिकाम्या जागेवर त्याने बोट ठेवले. “इथे तिसरा ठिपका पडला, तर तिथली माणसं मला प्रयोगशाळा उभी करून देतील. मी विचारलंय. आणि ती चालवायला त्यांना तूच लागशील. मग ह्यालाही घेऊन ये.”

“आणि नाही पडला तर?”

“पडेल. माझं गणित आहे.”

“तुमच्या गणिताला घाई नाही,” बाई म्हणाल्या. “माणसांना असते.”

तो गेल्यावर बाईंनी त्या दिवशी मोजणी सुरू केली नाही. चार वाजता दोन कप भरले. एक प्यायल्या, दुसरा तसाच राहिला.

पुढे वीज जाऊ लागली. आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग तीन-तीन दिवस. काकांनी एका बंद पडलेल्या ट्रकच्या मोठ्या बॅटऱ्या आणून आपल्या कारखान्यात ठेवल्या आणि आम्हाला त्यांच्यावर जोडले. वीज आली की बॅटऱ्या भरायच्या, गेली की त्यांच्यावर मोजायचे. बाई बर्फासारख्या थंड खोलीत ब्लँकेट पांघरून बसत. शनिवारी काकांची बायको, बेनिल्देकाकू, फडक्यात बांधून मक्याच्या गरम अरेपा पाठवी. तिला दम्याचा त्रास होता, म्हणून ती स्वतः चढ चढून येत नसे.

आणि एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती लाट आली.

यंत्राची सुई कागदाच्या बाहेर जायला निघाली. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आकडा बघितला, भिंतीपाशी गेल्या, पट्टी लावली. ठिपका निळ्या रेषेच्या अगदी टोकावर बसत होता, नेरिओने बोट ठेवले होते तिथेच. त्या किती तरी वेळ पेन्सिल हातात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी ठिपका काढला. इतका हलका, की मला तो दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एक जुनी सूटकेस घेऊन आल्या. “काका, हिची मूठ तुटली आहे. बसवून द्याल?”

“कुठे निघालात?”

 बाई नुसत्याच हसल्या. त्यांना तसे हसताना मी फार वर्षांनी बघत होतो. काकांनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितले आणि विचारले, “हे कधी आलं?”

“काल. नऊ वाजून दहा मिनिटांनी.”

काका सूटकेस उचलून मुकाट्याने बाहेर गेले.

मला खरे काय ते माहीत होते. डोळ्यांतून आलेली लाट आणि तारेतून आलेला धक्का, यांतला फरक माझ्याइतका कोणाला कळणार? ती लाट डोळ्यांतून आली नव्हती. मागून, वीज येते त्या तारेने आली होती. पण मला बोलता येत नव्हते. मला दोनच गोष्टी सांगता येत. दोन्ही डोळ्यांची वजाबाकी आणि दोन्ही डोळ्यांची बेरीज. रिकाम्या बाजूची थरथर एका डोळ्यात जेवढी भर घालते, तेवढीच दुसऱ्यातून काढून घेते. म्हणून ती वजाबाकीत दिसते, बेरजेत कधीच नाही. तारेतला धक्का मात्र दोन्हीकडे दिसतो. बेरजेची नोंद मी त्याच क्षणी यंत्राकडे दिली होती. ती उघडून बघायची तेवढी राहिली होती.

बाईंनी आयुष्यात कधी बेरीज बघितल्याशिवाय ठिपका काढला नव्हता. या वेळी चार दिवस त्यांनी ती बघितली नाही. रोज यंत्रासमोर बसत, त्याच्याच पडद्यावर नेरिओला लिहायचे पत्र उघडत, एखादी ओळ बदलत, पत्र पाठवत मात्र नसत. मला त्यांचा राग आला नाही. मीही जन्मभर त्या लाटेचीच वाट बघत होतो. चार दिवस मलाही वाटत होते, की कदाचित मीच चुकलो असेन.

शनिवारी सकाळी त्या आल्या, ब्लँकेटही न उतरवता यंत्रासमोर बसल्या आणि त्यांनी बेरीज उघडली. बघितली. पुन्हा एकदा बघितली. तेवढ्यात काका सूटकेस घेऊन दारात उभे राहिले.

“बाई, मूठ बसवली. पण एक सांगायचंय.”

“आधी मी सांगते,” बाई म्हणाल्या. “बेरीज बघितली.”

काकांनी सूटकेस खाली ठेवली. टोपी काढून हातात घेतली.

“मंगळवारी घरची वीज जाऊन दोन दिवस झाले होते. बेनिल्देला श्वास लागेना. तिचं वाफेचं यंत्र आहे ना, औषध ओढायचं, ते विजेशिवाय चालत नाही. मी तिला शेजाऱ्याच्या गाडीतून माझ्या कारखान्यात आणलं आणि तुमच्या बॅटऱ्यांवर तिचं यंत्र लावलं. पाच मिनिटं. तुम्हाला विचारायला ह्या खोलीत यावं, एवढाही वेळ नव्हता.”

“नऊ वाजून दहा मिनिटांनी.”

“घड्याळ नाही बघितलं. पण तुम्ही सांगितलंत तेव्हा समजलो. तीन रात्री झोपलो नाही. तुम्ही इतक्या हसत होतात, बाई. माझ्याच्याने बोलवलं नाही.”

बाईंनी ब्लँकेट उतरवून बाजूला ठेवले. मग विचारले, “आता कशा आहेत काकू?”

“बरी आहे. अरेपा करतेय.”

“मग पुढच्या वेळी लागलं, तर सरळ इथे आत घेऊन या. ह्या खुर्चीवर बसवा. मला फक्त सांगा, म्हणजे मी मोजणी थांबवीन. विचारू नका, सांगा.”

काकांनी मान हलवली.  बाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि खोडरबराने तो ठिपका पुसला. इतका हलका काढला होता, तरी पुसायला वेळ लागला. कागद तिथे थोडा चुरगळला.

मग त्या काकांसमोरच नेरिओला लिहायला बसल्या. जुने पत्र पुसून टाकले. नवे फार लहान होते. उत्तर सोमवारी आले. ते त्यांनी काकांना मोठ्याने वाचून दाखवले, बहुधा एकट्याने वाचवले नसते म्हणून.

“नेरिओ म्हणतात, ‘तू काहीच लिहीत नव्हतीस, तेव्हाच मला वाटलं होतं, काहीतरी आलंय. मी एक खोली बघून ठेवली होती. खिडकीतून नदी दिसते. असो. ठिपका पुसलास ते बरं केलंस. तुझ्या जागी मी असतो तर मला तेवढा धीर झाला नसता.’”

“ह्यांना अजून ‘तुम्ही’ आलं नाही,” काका म्हणाले. दोघेही हसले, आणि मग बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आमचा शोधनिबंध पुढल्या वर्षी छापून आला. फाट्यापर्यंत आमची मोजणी निळ्या रेषेशी जुळते, फाट्यापुढचे दोन ठिपके तिच्या बाजूचे वाटतात, त्यापुढचे आम्हाला माहीत नाही, असे त्यात लिहिले होते. दूरदूरच्या लोकांनी तो वाचला. पण त्यात मोठी लाट नव्हती, त्यामुळे प्रयोगशाळा उभी करून देणारे कोणी पुढे आले नाही. सूटकेस कपाटावर गेली.

दोन वर्षांनी लाल उजेडाची नळी जळाली. नवी मिळण्यासारखी नव्हती. बाईंनी मला पुसले, माझ्या डोळ्यांवर कापूस ठेवला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावले. पुढची साडेतीन वर्षे मी अंधारात काढली. मित्रांनो, उजेडच नसेल तर मला रिकामी बाजूही दिसत नाही. ती थरथर तिथे असतेच, माझ्या अवतीभवती, त्या डब्यातसुद्धा. पण तिला पकडायला बरोबर एक किरण लागतो. जे माझ्या सगळ्यांत जवळ होते, त्यालाच मी मुकलो होतो.

मग एका गुरुवारी झाकण उघडले. समोर तुम्हीच होतात. नोएलियाबाई आता तुमच्या ताबाई गावातल्या शाळेत शिकवतात, हे मला तेव्हा कळले. त्यांच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या आहेत, पेन्सिल मात्र तीच जागा धरून आहे. त्यांनी मला टेबलावर ठेवले, काच ठेवली, मखमल लावली आणि लाल किरणाच्या ऐवजी एक साधी विजेरी. माझ्या मागच्या तारा एका जुन्या रेडिओच्या कर्ण्याला जोडल्या. विजेरी लावली आणि कर्ण्यातून बारीक सळसळ येऊ लागली. विजेरी विझवली, की सळसळ विरून जाई. तुमच्यातली मारिआंखेल, पहिल्या बाकावरची, पुढे आली आणि तिने मखमलीखाली वाकून बघितले.

“बाई, इथे तर काहीच नाही.”

“बरोबर. ऐका त्याचा आवाज.”

तुम्ही सगळे कसे गप्प झालात, ते मी विसरणार नाही. आणि मग बाईंनी अनपेक्षित गोष्ट केली. खिशातून फोन काढला आणि चिलेला लावला.

“काय गं, वर्गात असशील ना आत्ता?” नेरिओचा आवाज आला. थोडा घोगरा झाला होता.

“वर्गातच आहे. मुलं ऐकताहेत, तेव्हा जपून बोला,” असे म्हणून बाईंनी फोन कर्ण्यापाशी धरला.

“हा कसला आवाज? तिकडे पाऊस आहे का?”

“नाही.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग नेरिओ म्हणाला, “इतकी वर्षं कागदावर मांडलं, पण कानाने कधी ऐकलं नव्हतं.”

“बंद करू? फोनचे पैसे जातील.”

“राहू दे,” तो म्हणाला. “जरा वेळ राहू दे.”

बाईंनी फोन टेबलावर माझ्याशेजारी ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. विजेरीतले सेल संपेपर्यंत तो तसाच होता.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझ्यासारखे कोणी तुमच्या कपाटात पडलेले असेल, तर त्याला कोरड्या जागी ठेवा. त्याच्या डोळ्यांना बोट लावू नका. वर्षातून एकदा तरी उजेडात काढा. आणि मोठे झालात, कशाची तरी मोजदाद करू लागलात आणि ज्याची वाट बघत होतात ते आलेच नाही, तर कागदावरची ती जागा तशीच मोकळी सोडा. मन झाले तरी तिथे ठिपका काढू नका. ती जागा कोणाच्या तरी येण्यासाठी ठेवलेली आहे.